तीन बोटांचा जोर

कोल्हापुरात कुणाच्या गाडीचा चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, फुटला की सल्ला द्यायला अर्धी गल्ली गोळा होते. प्रत्येकाच्या ओळखीचा एक मिस्त्री असतो आणि तो मिस्त्री जगात भारी असतो. यात फुशारकी धरली तरी खोटं फारसं नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, आता कागलची पंचतारांकित वसाहत, असं चहूबाजूंनी लोखंडाचं काम पसरलेलं हे गाव. दोन-चार घरांआड कुणी टर्नर, कुणी फिटर, कुणी मोल्डर निघतोच. देशभर धावणाऱ्या कितीतरी ट्रक-ट्रॅक्टरांच्या इंजिनांचे ब्लॉक आणि त्यांच्यावर बसणारे हेड इथल्या फाउंड्र्यांत ओतले जातात. आमच्या घरातला तो माणूस म्हणजे माझे सासरे. सगळे त्यांना आण्णा म्हणतात, मीही म्हणते. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी फिटर म्हणून गेली. त्यामुळे आमच्या मारुती आठशेच्या खाली फरशीवर काळे थेंब दिसले तेव्हा गॅरेजला फोन लावायच्या आधी मी त्यांना हाक मारली.

ते आले, वाकले, एक थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला आणि नाकाशी नेला.

“इंजिन ऑइल हाय. चेंबर बघाय पायजे.”

चेंबर का फुटला हे शोधायला फार डोकं लागलं नाही. फुलेवाडीकडून आत वळताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. कुणाच्या तरी स्लॅबचं उरलेलं काँक्रीट होतं, गणपतीत मुलं रस्त्यावर असतात अशी काळजी होती, आणि एका रात्रीत तो उभा राहिला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावर हळूहळू चढावी आणि हळूहळू उतरावी. आमचा उंचीला सढळ आहे आणि रुंदीला कंजूष. रिकामी आठशे जमिनीपासून सोळा-सतरा सेंटिमीटर उचललेली असते. त्यात चार माणसं, ज्योतिबाला चढवायचे नारळ आणि डिकीत तांदळाचं पोतं असलं की त्यातलं किती उरतं, याचा हिशेब गाडी स्वतःच पोटाने करते. खरं सांगायचं तर काँक्रीटवर माझा राग नाही. त्या गल्लीत माझीही मुलगी खेळलेली आहे.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी बोल्टांनी आवळलेलं पत्र्याचं भांडं. काही गाड्यांना ॲल्युमिनियमचं ओतीव असतं, आमच्या गाडीला दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचं आहे, जाडी एक-दीड मिलिमीटरच्या आसपास. वर ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यात क्रँक फिरतोय, पिस्टन वर-खाली होतायत, हजारो फेऱ्यांचा सगळा डौल तिथे. आणि त्या सगळ्याला जिवंत ठेवणारं जेमतेम तीन लिटर ऑइल मात्र या पातळ पत्र्याच्या भांड्यात. पंप तिथून ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि बेअरिंगांना पोचवतो. तिथून ते गळून परत खाली येतं. खालून वाऱ्याचा झोत लागतो, त्याने थोडं निवतं, पुन्हा वर जातं. चेंबर कोरडा पडला तर ब्लॉक कितीही मजबूत असो, बेअरिंगं काही मिनिटांत घासून जातात.

डॅशबोर्डवर अलादीनच्या दिव्यासारखा एक लाल दिवा असतो, त्याच्याबद्दल इथेच सांगते, कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना तो ऑइल कमी झाल्याचा इशारा वाटतो. तो दिवा दाबाचा आहे. चेंबरमध्ये किती ऑइल आहे ते त्याला कळत नाही. पंपाच्या पुढे दाब पडला, म्हणजे जाळी हवा ओढायला लागली, की तो लागतो. तोवर ऑइल बरंच गेलेलं असतं. चालू गाडीत तो लागला तर पुढचा पेट्रोल पंप, पुढचं गॅरेज असलं काही बघायचं नाही. कडेला घ्यायची आणि चावी बंद करायची. ऑइल किती आहे हे बघायला पट्टी आहे, आणि पट्टी बघायला बॉनेट उघडावं लागतं. आठवड्यातून एकदा ते उघडणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत. आण्णा त्यातले एक.

चेंबर घरी बदलायचा हे माझ्या डोक्यातून निघालं. नवरा म्हणाला, गॅरेजवाला दोन तासांत करून देईल, तू कशाला गाडीखाली जातेस? बरोबरच होतं त्याचं. पैसे वाचवणं हाही मुद्दा नव्हता, चार हत्यारं विकत घेतली की वाचलेले पैसे गेलेच. पण गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली, नोंदणीचं नूतनीकरण समोर, आणि ठेवायची की भंगारात द्यायची यावर घरात रोज जेवताना चर्चा. पतसंस्थेत बसून दिवसभर मी लोकांच्या कर्जाची कागदपत्रं तपासते, तारण न बघता शेरा मारत नाही. स्वतःच्या गाडीचं पोट न बघता तिचा निकाल लावायचा, हे मला पटेना.

आणि हे गाव असल्या खाजेला नावं ठेवत नाही. बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता तेव्हा त्यांनी इथेच कॅमेरा बनवायला घेतला. सोबतीचा भाऊ आनंदराव वाटेतच गेला, तरी बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली तो पुरा केला, आणि ‘सैरंध्री’ त्यावर काढला. त्यापुढे पत्र्याचं एक भांडं खालीवर करणं म्हणजे काहीच नाही. असं मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, “पेंटरांच्या अंगावर कॅमेरा पडणार नव्हता.”

तेवढं मात्र त्याचं ऐकण्यासारखं होतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली शिरायचं नाही, हा नियम आण्णांनी पाना हातात द्यायच्या आधी दोनदा वदवून घेतला. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. त्यातलं ऑइल सील गेलं की गाडी सावकाशही बसत नाही. म्हणून सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, पुढे बॉडीच्या मजबूत जागी दोन लोखंडी स्टँड, आणि मग गाडीला बाजूने दोन्ही हातांनी हलवून बघायचं. पडायचीच असेल तर आता पडू दे. विटा आणि पोकळ ब्लॉक यांच्यावर गाडी ठेवणारे लोक मी पाहिलेत. ते ब्लॉक भिंतीत वर्षानुवर्षं वजन पेलतात, पण एका बिंदूवर भार आला की तडकन फुटतात.

इंजिन कोमट असताना ऑइल काढायचं. गार असलं तर गाळ खालीच चिकटून राहतो, कडक तापलेलं असलं तर हात भाजतो. ड्रेन प्लग सुटला आणि काळी धार परातीत पडायला लागली. हो, परातच, सासूबाईंची जुनी, आणि तिचा विषय अजून मिटलेला नाही. मग सायलेन्सरचा पुढचा पाइप आडवा येत होता तो सोडायचा. त्याचे नट गंजून बोल्टांशी एकजीव झालेले. त्यांच्यावर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी लांब पान्याने सुद्धा ते कुरकुरत सुटले. फ्लायव्हीलखालचा पत्रा काढला. नंतर चेंबरचे सगळे बोल्ट, दहाचा सॉकेट लावून, एकेक.

बोल्ट निघाले तरी चेंबर हलेना. जुन्या सिलिकॉनने, म्हणजे सांधा गळू नये म्हणून लावतात त्या चिकट पेस्टने, त्याला धरून ठेवलं होतं. इथे माणसाचा हात आपसूक मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. फटीत घालायचा आणि उचकटायचं. आण्णा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, त्यांना फक्त माझे पाय दिसत होते, तरी आवाज आला.

“पेचकस घालू नगंस. ब्लॉकच्या तोंडावर ओरखडा पडला की जन्मभर तिथनं झिरपतंय. लाकडाचा तुकडा लाव आन् बाजूनं टिचक्या दे.”

दिल्या. एका कोपऱ्यातून पातळ पट्टी सरकवली, फिरवली, पुन्हा टिचक्या. शेवटी ‘फस्स’ असा ओला आवाज करत तो सुटला आणि उरलेलं वाटीभर ऑइल माझ्या कोपरावरून बाहीत गेलं. त्याच वेळी शेजारचे काका गेटपाशी येऊन म्हणाले, “वहिनी, आमच्या ओळखीचा मेकॅनिक पाठवू का?” त्यांना आण्णांनीच उत्तर दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काढलेला चेंबर उन्हात धरून आम्ही दोघं किती तरी वेळ बघत बसलो. बाहेरून बघितलं तर एक पोचा, ताटलीएवढा, आणि पोच्याच्या कडेला केसासारखी बारीक चीर. एवढीशी चीर, तिच्यातून थेंब येत होते. मला वाटलं चीर हीच काय ती भानगड. आण्णांनी मात्र चेंबर उलटा केला आणि आतून पोच्यावर बोट फिरवलं. मग मला गाडीखाली पाठवून जाळी कुठवर येते ते बोटाने मोजायला सांगितलं. ऑइल ओढणारी जाळी चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर लोंबते. ते अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, ऑइल कमी झालं तरी तळाचं ओढता यावं आणि तरीही तळाला चिकटून तोंड बंद होऊ नये असं. आमच्या चेंबरचा तळ पोच्यामुळे वर आला होता आणि जाळीच्या इतका जवळ गेला होता की मधे जाड पुठ्ठा बसला असता, त्याहून जास्त काही नाही.

म्हणजे चीर पडली नसती तरी गाडी उपाशी मरत होती. पट्टीवर ऑइल पूर्ण, खाली थेंब नाही, आणि घाटात इंजिन जोरात फिरायला लागलं की पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही. गगनबावड्याला जाताना चढावर इंजिनाचा आवाज कोरडा येतो असं मी आधी म्हणत होते, आणि घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं. कोरडेपणाचं कारण नक्की तेच होतं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण म्हणूनच पोचा आलेला चेंबर ‘गळत नाही ना, मग चालू दे’ म्हणून ठेवू नये. बाहेरून एम-सील लावून चीर बुजवणारे भेटतात. गावाला पोचण्यापुरतं ते ठीक आहे. पोचा त्याने उतरत नाही.

तळाशी साठलेला गाळ हे दुसरं वाचन. आण्णांनी तो जुन्या पांढऱ्या बनियनच्या तुकड्यावर पसरला. काळा, तुपाच्या बेरीसारखा थर. त्यात लालसर सिलिकॉनचे तुकडे, कुणीतरी पूर्वी चेंबर काढून सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे. ते बाहेर दिसतं तेवढंच आतही पिळून येतं, सुटतं आणि जाळीत जाऊन बसतं. आमच्या जाळीत बसलं होतंच. मग त्यांनी कपाटाच्या दाराचा चुंबक आणायला सांगितला. गाळावरून फिरवल्यावर चुंबकाला अगदी बारीक भुकटी लागली, पिठासारखी. ती चालते, लोखंड लोखंडावर फिरणार तर इतकं झिजणारच. कणी किंवा पापुद्रा लागला असता तर काळजी. आणि चुंबकाला न लागणारी, उन्हात तांबूस किंवा रुपेरी चमकणारी कपची सापडली तर ती बेअरिंगची. ती शोधायला आण्णांनी चष्मा पुसला, कापड तिरकं धरलं, पुन्हा सरळ धरलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “गाडी ठेवा.”

घरातली जेवणावरची चर्चा तिथे संपली. पतसंस्थेत मी जे शेरे मारते त्यांना एवढा पुरावा क्वचित असतो.

नवा चेंबर शाहूपुरीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणला. दुकानदाराने दोन ठेवले पुढ्यात, एक कंपनीचा, एक ‘तसाच, पण स्वस्त’. आण्णांनी दोन्ही काउंटरच्या काचेवर पालथे ठेवले आणि कडेखाली बघितलं. स्वस्ताच्या कडेखालून उजेड दिसत होता. कंपनीचा सपाट बसला. पत्र्याच्या चेंबरमध्ये बाकी सगळं क्षमा करता येतं, कड वाकडी असेल तर नाही. जुन्याची कड बघितली तर प्रत्येक भोकापाशी पत्रा वर उचललेला, छोट्या छोट्या टेकड्या. त्या बोल्ट पिळल्याच्या खुणा. भोकापाशी पत्रा ब्लॉकला घट्ट आणि दोन भोकांच्या मधे कड सैल. तिथून ऑइल पाझरतं, मालक म्हणतो गळतंय, मेकॅनिक म्हणतो आणखी आवळतो. आवळल्याने टेकडी आणखी उंच होते. चेंबर धडका असता तर आण्णांनी त्या टेकड्या सपाट फळीवर ठेवून गोल हातोडीने बसवल्या असत्या. ते काम ते करायचे, असं ते म्हणाले, आणि ते कसं करायचं हे दाखवण्यासाठी फुटक्या चेंबरची दोन भोकं त्यांनी बसवलीही, काही उपयोग नसताना.

आता खरं काम. ब्लॉकच्या तोंडावरचं जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, थिनरने पुसायचं, बोट फिरवून बघायचं, पुन्हा पुसायचं. यात पाऊण दिवस गेला तरी गेला म्हणायचं नाही. तेलाचा पुसट हात लागला तरी सिलिकॉन धरत नाही. जाळी डिझेलमध्ये धुतली, तिची रबरी रिंग नवी घातली. मग चेंबरच्या कडेवर सिलिकॉनची अखंड रेघ, तीन मिलिमीटर जाड, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने. रेघ तुटली तर गळती, जाड झाली तर तुकडे आत. रांगोळीच्या हातावर माझा विश्वास आहे, तिथे आण्णांनी तोंड उघडलं नाही. रेघ ओढली की ताबडतोब चेंबर वर चढवायचा, सिलिकॉनवर साय धरायच्या आत. नवरा एका बाजूने धरून होता, मी बोल्ट हाताने लावत गेले, नुसते टेकेपर्यंत.

कंपनीच्या पुस्तकात या बोल्टांना आवळायचा जोर ११ न्यूटन-मीटर लिहिला आहे. ड्रेन प्लगला ३५. अकरा म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सव्वा किलोहून थोडं कमीच वजन. वीतभराहून लहान, पंधरा सेंटिमीटरचा पाना धरला तर हाताचा जोर साडेसात किलोच्या आसपास. भरलेली पाण्याची कळशी आपण याहून जड उचलतो. आणि इथेच आमच्या गावाची अडचण होते. या गावाला जोराचं वेड. १९१२ सालचं खासबाग मैदान, पेठेपेठेतल्या तालमी, ‘दाबून’, ‘रगडून’, ‘नाद खुळा’. मिसळीचा कट कमी तिखट असेल तर दुकानदाराला लाज वाटते. बोल्ट ढिला राहिला तर मेकॅनिकची अब्रू जाते, पिळून आटे गेले तर मात्र बोल्टाची क्वालिटी खराब. सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला हा मान सोसत नाही. ब्लॉकमधले आटे गेले तर टॅप मारा, मोठा बोल्ट घाला किंवा आत नवं आट्यांचं स्प्रिंग बसवा. सगळं करता येतं, पण एका बोल्टापायी गाडी पुन्हा उघडी.

मी एका मैत्रिणीच्या भावाकडून टॉर्क रेंच मागून आणला होता, म्हणजे ठरवलेला जोर लागला की ‘टिक’ करणारा पाना. आण्णांनी तो हातात घेतला, वजन बघितलं, फिरवून आकडे वाचले आणि खाली ठेवला. “आधी मी लावतो. मग तुझं यंत्र लाव.” एवढं म्हणून पंच्याहत्तरी ओलांडलेले आण्णा चटईवर आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. सासूबाई दारातून ओरडल्या, “अवो, कंबर हाय का लोखंड? बाहेर या, मी चहा टाकतो.” त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

मी शेजारी आडवी होते म्हणून मला दिसलं. त्यांनी पाना टोकाला धरला नाही, डोक्याजवळ धरला, आखूड. अंगठा आणि दोन बोटं, एवढीच. करंगळी आणि अनामिका मोकळी, तळहात पान्याला लागलेलाच नाही. खांदा तर सोडाच, मनगटही हलत नव्हतं. मधल्या बोल्टापासून सुरुवात, मग समोरचा, मग तिरका, असं दोन्ही टोकांकडे. एक फेरी अर्धी, दुसरी फेरी पूर्ण. बोटं थांबायची ती जागा मला बघून कळत नव्हती. पाना फिरत असायचा आणि मग फिरत नसायचा, मधे काही घडल्याचं दिसत नव्हतं. “कळतं कसं?” मी विचारलं. “बोटाची कातडी सांगती,” ते म्हणाले. “पांढरी पडाय लागली की थांबायचं. लाल पडंस्तवर वडायचं काम चेंबरला न्हवं.” मग थोडं थांबून, “ते हेडला.”

मग माझं यंत्र. अकरावर लावला आणि एकेका बोल्टाला टेकवला. टिक. टिक. टिक. बोल्ट हलायच्या आत रेंच टिकटिकत होता, म्हणजे ते सगळे अकरा किंवा त्याच्या वर. आण्णांचा चेहरा अंधारात होता तरी त्याच्यावर काय चाललंय ते मला दिसत होतं. फ्लायव्हीलकडच्या दोन बोल्टांना मात्र रेंच टिक म्हणायच्या आधी थोडा फिरला. एकाला चिमूटभर, दुसऱ्याला चांगला पाव फेरा.

“यंत्र खोटं दावतंय,” ते म्हणाले.

मी काही बोलले नाही. त्या दोन बोल्टांपाशी हात वाकडा करून घालावा लागतो, आणि त्यांच्या उजव्या हाताला हल्ली कंप आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. थोड्या वेळाने त्यांनीच रेंच मागितला. दुसऱ्या टोकाच्या, आधीच टिक म्हटलेल्या बोल्टाला लावून बघितला, टिक ऐकला, पुन्हा लावला, पुन्हा ऐकला. मग आकडा आठवर आणून, मोकळ्या बोल्टावर नटात धरून, कुठे टिकतो ते बघितलं. मग पंधरावर. चहा गार झाला. नव्या खेळण्याशी मूल जसं खेळत बसतं तसं काही नव्हतं ते. एखाद्या नव्या कामगाराची परीक्षा घ्यावी तशी ते त्याची परीक्षा घेत होते. शेवटी म्हणाले, “बरा हाय. पन याला आटं गेल्याचं कळायचं न्हाई. आटं निसटाय लागलं तर हे टिक म्हननारच न्हाई, आन् तू फिरवत बसशील.” हेही अगदी खरं आहे, नंतर मी वाचलं तेव्हा तीच सूचना सापडली.

सिलिकॉनला एक रात्र दिली. घाई करून लगेच ऑइल ओतणारे असतात, त्यांच्या चेंबरला पुढच्या महिन्यात घाम फुटतो. सकाळी पाइप चढवला, नवा फिल्टर आतून ऑइलने ओला करून लावला, ड्रेन प्लगचा वॉशर नवा. पट्टी बघत बघत ऑइल ओतलं. चावी फिरवल्यावर लाल दिवा एक, दोन, तीन म्हणेपर्यंत लागलेला राहिला आणि गेला. त्या तीन अंकांत नवऱ्याने श्वास घेतला नाही असं तो सांगतो. खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि गगनबावड्याला जाऊन आल्यावरही ते वाचण्याजोगं राहिलं.

काढलेल्या ऑइलचं काय करायचं हा प्रश्न मला वाटला त्याहून मोठा निघाला. पलीकडच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्या ठेकेदाराला ते हवं होतं, सेंट्रिंगच्या पाट्यांना जळकं ऑइल फासतात, काँक्रीट चिकटू नये म्हणून. गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी लावणारेही आहेत. आणि काहीच नाही सुचलं तर गटार आहेच. गटार नाल्याला, नाला जयंतीला आणि जयंती पंचगंगेला. खरं तर वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलेलं आहे, २०१६ च्या नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. घरातल्या तीन लिटरसाठी तो दारात येत नाही. शेवटी कॅन भरून मोठ्या गॅरेजात नेला, त्यांच्याकडे पिंप भरलं की गाडी येऊन घेऊन जाते. तिथल्या पोराने विचारलं, “कुठं बदललं ऑइल?” घरी, म्हटलं. त्याने कॅन घेतला, पण नजर अशी टाकली की मी त्याचं गिऱ्हाईक पळवलं.

फुटका चेंबर भंगारवाल्याला द्यायला आण्णा तयार नाहीत. भंगारातला पत्रा शिरोलीच्या भट्टीत जातो, वितळून कुणाच्या तरी इंजिनाचा ब्लॉक होतो, हे त्यांनीच मला सांगितलेलं. तरी तो जिन्याखाली आहे, बसवलेल्या दोन भोकांसकट. सासूबाईंच्या परातीच्या शेजारी.

परवा इचलकरंजीहून नणंदेचा फोन आला. तिच्या नव्या गाडीच्या खाली पाणी-तेल असं काहीतरी पडलंय, चेंबर गेला बहुतेक, मी येऊ का गाडी घेऊन, वहिनीला सांगून ठेव. फोन स्पीकरवर होता. आण्णांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता मी विचारायचं. काळं आहे का? नाही. लालसर, चिकट? नाही. हिरवट, गोडसर वास? नाही गं, रंगच नाही. बोट घालून चोळून बघ. ओलं आहे नुसतं. पुढे कुठे, ड्रायव्हरच्या बाजूला की पलीकडे? पलीकडे. येताना एसी लावला होता का?

“लावलेला की. ऊन किती हाय बघ की!”

आण्णांनी हात लांब करून फोन बंद केला.